प्रश्न तुमचे: घरच्या कंप्युटरवर चित्रं काढणारा एआय

गणपतीच्या पत्रिका, फ्लेक्स आणि देखाव्यांची तयारी सुरू झाली की इंदूरच्या वाचकांकडून या विषयाचे प्रश्न वाढतात. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. फाइलींची आणि पर्यायांची नावं देवनागरीत छापली आहेत; स्क्रीनवर ती रोमन लिपीत दिसतील.

प्रश्न: मरीमाता भागात माझं फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. कंप्युटर जुना आहे: चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चित्रांच्या साइटला दरमहा पैसे भरण्यापेक्षा घरचीच सोय करावी म्हणतो. सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केली, तर ८ जीबीचं नवं कार्ड आणि १२ जीबीचं वापरलेलं कार्ड साधारण सारख्याच पैशांत पडतंय. कोणतं घ्यावं?

उत्तर: १२ जीबीचं. गेम खेळणाऱ्याला उलट सल्ला दिला असता, पण तुमच्या कामाचं गणित वेगळं आहे. चित्र काढणारं मॉडेल म्हणजे काही जीबीची एक फाइल असते आणि चित्र तयार होईपर्यंत ती कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये, बसावी लागते. ती मावली नाही की कंप्युटर तिचे तुकडे साध्या रॅममधून आत-बाहेर करत बसतो आणि वीस सेकंदांचं काम कित्येक मिनिटं चालतं. कार्ड हळू असेल तर चित्र थोडं उशिरा मिळतं, पण मेमरी कमी असेल तर काही मॉडेलं चालतच नाहीत.

स्टेबल डिफ्यूजन १.५ हे २०२२ सालचं मॉडेल ४ जीबीत चालतं आणि ५१२ बाय ५१२ पिक्सेलची चित्रं देतं. जुलै २०२३ मध्ये आलेल्या एसडीएक्सएलची फाइल जवळपास ७ जीबीची आहे आणि ते १०२४ बाय १०२४ वर काम करतं. ८ जीबीत निभतं, १२ जीबीत निवांत चालतं. ऑगस्ट २०२४ मधलं फ्लक्स १२ अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे शिकून साठवलेल्या तेवढ्या आकड्यांचं, आहे. मूळ फाइल २४ जीबीच्या आसपास, एफपी८, म्हणजे आठ बिटांवर, आणलेली १२ च्या आसपास आणि चार बिटांवर दाबलेली ७ च्या आसपास. त्याला मजकूर समजावणारी फाइल आणखी वेगळी लागते. फ्लेक्सच्या कामाला एसडीएक्सएल पुरतं. फ्लक्सच्या मागे लागायचंच असेल तर ३२ जीबी रॅम धरून चला.

आरटीएक्स ३०६० घेणार असाल तर डब्यावर नीट बघा, कारण याच नावाचं ८ जीबीचं कार्डही बाजारात आहे आणि ते मेमरीत आणि वेगात दोन्हीकडे कमी आहे. कार्ड दुकानातच लावून घ्या, जीपीयू-झेड या छोट्या प्रोग्रॅममध्ये मेमरीचा आकडा बघा आणि फरमार्क ही कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी पंधरा मिनिटं चालवा. क्रिप्टोच्या खाणीत वर्ष-दोन वर्षं तापलेली कार्डं याच बाजारात फिरतात. पंखा खरखरणं, स्क्रीनवर रंगीत ठिपके येणं किंवा चाचणी मध्येच बंद पडणं, यातलं एकही दिसलं तर घेऊ नका.

खर्चाच्या यादीत एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, विसरू नका. जुन्या कॅबिनेटबरोबर आलेल्या पेटीवर ४५० वॅट लिहिलेलं असतं; तेवढे ती देतेच असं नाही, आणि कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर तर बहुधा नसतेच. ३०६० ला १७० वॅट लागतात आणि एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटच्या एसएमपीएसची आहे. ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा घ्या. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वायरवरून) आठ पिन करून देणारा स्वस्त जोड लावू नका, तो वितळू शकतो. कॅबिनेटमधली मोकळी लांबी टेपने मोजून न्या. रॅम १६ जीबी तरी करा आणि मॉडेलांसाठी एसएसडी ठेवा. ७ जीबीची फाइल जुन्या हार्ड डिस्कवरून चढायला मिनिटभर जातं. प्रोसेसर तूर्त आहे तोच चालेल.

प्रश्न: कार्ड बसवलं. आता नेमकं काय डाउनलोड करायचं? प्रत्येक व्हिडिओत वेगळंच नाव सांगतात. — सुदामानगर

उत्तर: चित्र मॉडेल काढतं, ते चालवणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. व्हिडिओंमधला गोंधळ याच दोन गोष्टी मिसळल्यामुळे होतो. प्रोग्रॅम म्हणून कंफीयूआय घ्या. तारांनी जोडलेले डबे बघून पहिल्यांदा बिचकायला होतं, पण कमी मेमरीत तोच सर्वांत शहाण्यासारखा वागतो. निव्वळ लिहायचं आणि बटण दाबायचं, एवढंच हवं असेल तर फूकस आहे.

आधी एनव्हिडियाचा ताजा ड्रायव्हर टाका. मग कंफीयूआयची विंडोजसाठीची पोर्टेबल आवृत्ती उतरवून घ्या. तिच्यात पायथन आतच असतो, वेगळा टाकावा लागत नाही. (वेगळ्या पायथनवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक ११११ ला ३.१० आवृत्ती लागते. हौसेने सर्वांत नवा पायथन टाकला की 'टॉर्च सापडत नाही' म्हणून अडतं.) फाइल सेव्हन-झिपने डी ड्राइव्हवर सरळ एका फोल्डरमध्ये उघडा. डेस्कटॉपवर नको, कारण तो अनेकदा वनड्राइव्हला जोडलेला असतो आणि ७ जीबीची फाइल क्लाउडवर चढायला लागते. प्रोग्रॅम फाइल्समध्येही नको, तिथे लिहायची परवानगी अडवते. फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरं आणि मोकळ्या जागा टाळा.

मॉडेलची फाइल 'मॉडेल्स'मधल्या 'चेकपॉइंट्स' फोल्डरमध्ये ठेवा आणि 'रन एनव्हिडिया जीपीयू' ही बॅच फाइल चालवा. काळी खिडकी उघडेल, ती बंद करू नका. सगळं काम तिच्यातच चाललेलं असतं. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१, कोलन, ८१८८ हा पत्ता उघडतो. तो तुमच्याच कंप्युटरचा आहे, त्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी चालतो. साधा नमुना निवडून 'लोड चेकपॉइंट'मध्ये मॉडेल, 'केसॅम्पलर'मध्ये २५ स्टेप्स (चित्र घडवण्याच्या फेऱ्या), सीएफजी (सूचना किती काटेकोर पाळायच्या तो आकडा) ६, सॅम्पलर डीपीएम++ २एम आणि शेड्युलर कॅरास ठेवा. पहिलं चित्र उशिरा येतं, कारण मॉडेल चढत असतं. ३०६० वर एसडीएक्सएलचं पुढचं प्रत्येक चित्र साधारण पंधरा-वीस सेकंदांत यायला हवं.

रंग भडक, करपल्यासारखे आले तर सीएफजी जास्त झाला. 'टर्बो' आणि 'लाइटनिंग' नावाच्या मॉडेलांना चार ते आठ स्टेप्स आणि १ ते २ सीएफजी लागतो, फ्लक्सला १. जुना नमुना तसाच ठेवून मॉडेल तेवढं बदललं की हमखास असं होतं. 'पेजिंग फाइल फार लहान आहे' किंवा १४५५ क्रमांकाची चूक आली तर दोष कार्डाचा नाही, रॅम संपली आहे. विंडोजची पेज फाइल (रॅमला जोड म्हणून वापरली जाणारी डिस्कवरची जागा) एसएसडीवर ३० ते ४० जीबी करा. 'कुडा आउट ऑफ मेमरी' आलं तर मात्र व्हीरॅम संपला. ब्राउझरचे जास्तीचे टॅब आणि कोरलड्रॉ बंद करा, बॅच १ ठेवा (एका वेळी एकच चित्र), चित्र लहान करा.

एक खोडी अशी की नवे एनव्हिडिया ड्रायव्हर व्हीरॅम भरला की चूक न दाखवता साधी रॅम वापरू लागतात. मशीन चालू दिसतं, काम मात्र रांगतं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'कुडा सिसमेम फॉलबॅक पॉलिसी' हा पर्याय आहे; त्यात 'प्रिफर नो सिसमेम फॉलबॅक' निवडलं की निदान खरं कारण समोर येतं.

प्रश्न: जीटीएक्स १६५० चा लॅपटॉप आहे, ४ जीबी. ऑटोमॅटिक ११११ टाकलं. चित्र पूर्ण होतं आणि दिसतो नुसता काळा चौकोन.

उत्तर: १६ मालिकेच्या कार्डांचं हे जुनं दुखणं आहे. मेमरी वाचावी म्हणून हिशोब अर्ध्या अचूकतेत, म्हणजे १६ बिटांत होतो. या कार्डांवर तो मध्येच फिसकटतो, आकड्यांच्या जागी 'आकडा नाही' असं येतं आणि चित्र काळं पडतं. 'वेबयूआय-यूजर' या बॅच फाइलमधल्या कमांडलाइन आर्ग्ज ओळीत 'प्रिसिजन फुल', 'नो-हाफ' आणि 'मेडव्हीरॅम' घाला, प्रत्येक पर्यायाआधी दोन आडव्या रेघा देऊन. मेमरी दुप्पट लागेल, म्हणून ५१२ बाय ५१२ च्या पुढे जाऊ नका. कंफीयूआय ही कार्डं स्वतःच ओळखतं, तेव्हा तिकडे वळणं बरं. कार्ड चांगलं असूनही एसडीएक्सएलमध्ये काळं येत असेल तर दोष व्हीएईचा, म्हणजे हिशोबाचं शेवटी चित्र करणाऱ्या भागाचा, असतो. त्याची 'एफपी१६ फिक्स' नावाची सुधारलेली फाइल मिळते.

प्रश्न: ६ बाय ३ फुटांच्या फ्लेक्ससाठी लांब चित्र मागितलं, तर एका माणसाला दोन डोकी आली. — छत्रीबाग

उत्तर: मॉडेल ज्या आकारावर शिकलं त्याच्या फार बाहेर गेलात. १.५ ला ५१२ चौरसाची सवय आहे. त्याला दीड हजार पिक्सेल दिले की ते उरलेली जागा आणखी एका चित्रासारखी भरतं. एसडीएक्सएल घ्या आणि एकूण पिक्सेल दहा लाखांच्या आसपास ठेवा. तुमचं प्रमाण २:१ आहे, त्याला १४०८ बाय ७०४ बरोबर बसतं. मनासारखं चित्र आलं की चौपट मोठं करणारं रिअल-ईएसआरगॅन लावा: ५६३२ बाय २८१६. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणजे इंचाला ७८ पिक्सेल. रस्त्यावरून बघायच्या फ्लेक्सला तेवढे पुरतात. हातात धरायच्या पत्रिकेला ३०० हवेत. ५ बाय ७ इंचांची पत्रिका म्हणजे १५०० बाय २१००.

प्रश्न: आमच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमासाठी नऊवारीतल्या बायका आणि मागे इंदूरचा राजवाडा असं चित्र हवं होतं. साडी गुजराती नेसवली, नथ दोन्ही नाकपुड्यांत, आणि राजवाडा म्हणून राजस्थानातला किल्ला आला. शब्द बदलून पाहिले, उपयोग नाही. — लोकमान्यनगर

उत्तर: शब्द बदलून होणारही नाही. ही मॉडेलं इंटरनेटवरच्या चित्र-आणि-इंग्रजी-ओळ अशा जोड्यांवर शिकलेली आहेत. 'इंडियन वुमन इन सारी' लिहिलेली चित्रं तिथे भरमसाट, 'काष्टा' लिहिलेली अगदी थोडी. माहीत नसलेला शब्द दिसला की मॉडेल थांबत नाही, जवळचं काहीतरी दडपून देतं. मोदक मागा, बहुधा मोमोच्या घरचं काहीतरी मिळेल. मराठीत सूचना लिहिल्या तर त्याहून वाईट: १.५ आणि एसडीएक्सएलचा वाचणारा भाग इंग्रजीवर बेतलेला आहे आणि एका दमात ७५ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, घेतो. एकेका देवनागरी अक्षराचे त्यात अनेक तुकडे पडतात.

म्हणून अशा गोष्टी वर्णन करून मागायच्या नाहीत, दाखवायच्या. त्यासाठी कंट्रोलनेट आहे: तुम्ही दिलेल्या फोटोतला आकार पकडून ठेवायचा आणि रंग, प्रकाश, शैली मॉडेलवर सोडायची. तुमचं काम दोन तुकड्यांत करा.

राजवाड्याचा फोटो स्वतः काढा, सकाळी लवकर, चौकातून सरळ समोरून, मोबाइल न तिरपावता. तो सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. ही मजल्यांची उतरंड चुकली की इंदूरच्या माणसाला एका नजरेत कळतं, आणि नेमकी तीच मॉडेलला ठाऊक नाही. फोटोतल्या विजेच्या तारा, बॅनर आणि गाड्या आधी गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये पुसून टाका. कॅनी हा कडा शोधणारा प्रकार वापरणार असाल तर हे टाळू नका: प्रत्येक तार त्याला कड वाटते आणि चित्रात वेली नाहीतर तडे होऊन उगवते. कंफीयूआयमध्ये कॅनी आतच आहे, मर्यादा ०.४ आणि ०.८ पासून सुरू करा. झरोके आणि लाकडी खांब हवेत म्हणून कॅनी. फक्त इमारतीचा ढोबळ घाट हवा असेल तर डेप्थ. जोर ०.७ ठेवा आणि शेवट ०.७ वर, म्हणजे शेवटच्या तीस टक्के स्टेप्समध्ये मॉडेलला शैलीचं काम मोकळेपणी करता येतं. दोन्ही आकडे १ ठेवले तर फोटोवर रंग फासल्यासारखं दिसतं. फाइल मॉडेलच्या जातीचीच लागते, १.५ चं कंट्रोलनेट एसडीएक्सएलला जोडलं तर चूक येते.

साडीसाठी मंडळातल्याच कोणाला तरी नऊवारी नेसवून, पूर्ण उंचीचे, मोकळ्या भिंतीसमोरचे फोटो घ्या. मग इमेज-टू-इमेज, म्हणजे फोटोवरूनच नवं चित्र. यात डीनॉइज हा आकडा सगळं ठरवतो: ०.३ वर फोटो जवळपास तसाच, ०.५ वर चित्रासारखा होतो आणि काष्टा टिकतो, ०.७५ वर साडी पुन्हा गुजरातेत. ०.४५ च्या आसपास घुटमळा. नथ शेवटी घ्या. नाकाचा भाग तेवढा मास्क करून, म्हणजे निवडून, इनपेंट करा: तेवढाच भाग पुन्हा काढला जातो. नाही जमलं तर नथेचं पारदर्शक चित्र वरून चिकटवा. दहा मिनिटांत होतं, आणि इनपेंटच्या चाळीस फेऱ्यांपेक्षा नीट दिसतं. पुरुषांच्या होळकरी पगडीलाही हाच उपाय. शब्दांनी मागितलीत तर साफा येतो.

चेहऱ्याचे फोटो वापरणार त्यांना आधी विचारा. दुसऱ्याचा चेहरा लावून फसवणूक किंवा अश्लीलता केली तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमं ६६डी आणि ६७ लागू शकतात. चित्र घरच्या मशीनवर काढलं म्हणून सूट मिळत नाही.

प्रश्न: 'गणपती बाप्पा मोरया' एआयकडूनच लिहून घेता येईल का?

उत्तर: या मॉडेलांकडून नाही. इंग्रजी अक्षरं फ्लक्स बरी काढतं, पण देवनागरीत शिरोरेघेखाली लटकणारी नक्षी मिळते. चित्रात जागा मोकळी ठेवायला सांगा आणि इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये मुक्त किंवा बालू फाँटने लिहा. गणपतीचे चार हात आणि त्यांतली बोटंही मोजून घ्या. एक मागचा हात अनेकदा गायब असतो.

प्रश्न: मे महिन्यात कार्ड ८५ अंशांपर्यंत जातं. शिवाय लाइट गेली की यूपीएस असूनही कंप्युटर बंद पडतो. बिलाचं काय? — तिलकनगर

उत्तर: कार्डाचं तापमान खोलीच्या हवेवर चढून बसतं. २५ अंशांच्या खोलीत ७० असणारं कार्ड ४० अंशांत ८५ दाखवणारच. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणा. १७० चे १२७ वॅट होतात, वेग थोडाच उतरतो आणि तापमान खाली येतं. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि मागे हवा बाहेर टाकणारा एक १२० मिलिमीटरचा पंखा लावा. वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतात कंप्युटर ठेवू नका: दमट हवेबरोबर पाण्यातला क्षार येतो आणि पंख्यांवर व बोर्डवर पांढरा थर धरतो.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅट, तेही बॅटरी नवी असताना. चित्र काढताना तुमचं मशीन मॉनिटर धरून ३०० वॅटच्या आसपास ओढतं. बॅटरी दोन वर्षं जुनी झाली की तो तेवढा भार क्षणभरही पेलत नाही. १ केव्हीए घ्या. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर साइन वेव्हचा असावा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर असावं. साध्या मोडमध्ये तो इतका उशिरा उचलतो की कंप्युटर तोवर बंद पडलेला असतो.

बिल सोपं आहे: ३०० वॅट, रोज तीन तास, म्हणजे ०.९ युनिट. महिन्याला २७. तुमच्या बिलावरच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने गुणा, कारण हे युनिट वरच चढतात.

प्रश्न: मित्राकडून मॉडेल पेन ड्राइव्हवर आणायला गेलो, जागा असूनही 'फाइल फार मोठी' म्हणतं. दुसरं एक मॉडेल उतरवलं, ते उघडतच नाही.

उत्तर: पेन ड्राइव्ह फॅट३२ चा आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आतलं सगळं काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. दुसऱ्या मॉडेलची चूक 'हेडर' किंवा 'इनकंप्लीट' असं काही सांगत असेल तर फाइल अर्धवट उतरली आहे. साइटवरच्या आकाराशी बाइटपर्यंत ताडून बघा. मित्राची फाइल सेफटेन्सर्स प्रकारची असेल तरच घ्या. जुन्या सीकेपीटी फाइलीत प्रोग्रॅम दडवता येतो आणि मॉडेल उघडताच तो चालतो.

गिऱ्हाइकासाठी काम करणाऱ्यांनी परवानाही बघावा. फ्लक्सचं 'डेव्ह' बिनव्यापारी परवान्याखाली आहे, 'श्नेल' अपाची २.० खाली मोकळं आहे, आणि एसडीएक्सएलचा परवाना व्यावसायिक वापराला आडवा येत नाही.

प्रश्न: माळव्यातल्या मांडण्यांचे (जमिनीवरच्या रांगोळीसारख्या नक्षीचे) आईने काढलेले तीसेक नमुने फोटोत आहेत. त्या हातवळणाची नवी चित्रं मॉडेलकडून काढून घेता येतील?

उत्तर: येतील, त्यासाठी लोरा शिकवावा लागतो. मूळ मॉडेल तसंच राहतं, शंभर-दोनशे एमबीची किंवा त्याहून लहान जोडफाइल तयार होते. कोह्या हा त्याचा रुळलेला प्रोग्रॅम. १.५ वर ८ जीबी पुरतात. एसडीएक्सएलसाठी १२ जीबी, बॅच १ आणि ग्रेडियंट चेकपॉइंटिंग (मेमरी वाचवणारा पर्याय) चालू.

फोटो निवडण्यात सगळं आहे. तीसातले पंचवीस घ्या: बरोबर वरून काढलेले, सावली नसलेले, पाय किंवा पाटाची कड न आलेले. तिरपे असतील ते गिंपमध्ये सरळ करा, नाहीतर मॉडेल तिरपेपणाही शैली म्हणून शिकतं. प्रत्येक फोटोला इंग्रजी ओळ हवी. सुरुवातीला एक बनावट शब्द द्या, ज्याला इंग्रजीत अर्थ नाही, आणि पुढे त्या फोटोपुरतं जे आहे ते लिहा: पावलं, चौक, दिवे, गेरूची जमीन. सर्व फोटोंत समान असलेली रेघेची ढब लिहू नका. न लिहिलेलं ते त्या बनावट शब्दाला चिकटतं.

पंचवीस फोटो, प्रत्येकी १० वेळा, ८ फेऱ्या: २००० स्टेप्स. रँक (जोडफाइलची क्षमता) १६, लर्निंग रेट (शिकण्याचा वेग) ०.०००१. प्रत्येक फेरीनंतर फाइल साठवायला सांगा. लाइट गेली तरी मागची फेरी हाताशी राहते, आणि बहुधा आठवीपेक्षा पाचवी-सहावी फेरीच चांगली निघते. काहीही मागितलं तरी आईच्याच एखाद्या नमुन्याची नक्कल यायला लागली की शिक्षण जास्त झालं. वापरताना जोर ०.७ करा किंवा आधीची फेरी घ्या.

अडचण एकच उरते. मॉडेलला चारही बाजू सारख्या काढता येत नाहीत, आणि मांडण्याच्या चौकात एक पाकळी कमी असली तरी डोळ्याला बोचतं. पूर्ण चौक मागा, त्यातला सर्वांत नेटका पाव भाग कापा, गिंपमध्ये आडवा आणि उभा उलटवून चारही कोपरे जोडा. मधल्या सांध्यावर रेघ दोन पिक्सेल जाड होते, ती हातानेच पुसा.